एफडी मोडण्याआधी

पत्र थोडक्यात असं: इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एक ताई सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहेत, नोकरीला सव्वीस वर्षं झाली. यजमान पीथमपूरच्या कारखान्यात पाळीवर असतात. एकुलती एक मुलगी वीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिला एअर होस्टेस व्हायचंय. शहरातल्या एका प्रशिक्षण संस्थेने अकरा महिन्यांच्या कोर्सचे पावणेदोन लाख सांगितलेत. नोंदणीचे पाच हजार भरून झालेत, पहिला हप्ता महिनाअखेर. आजी, म्हणजे ताईंच्या सासूबाई, आपली एफडी मोडायला तयार आहेत. याच सासूबाईंनी लग्न झाल्यावर ताईंना 'रात्रपाळीची नोकरी सोड' म्हटलं होतं. संस्थेतल्या काउन्सेलरने मुलीला 'चार किलो उतरव' सांगितलं, तेव्हापासून ती रात्री जेवत नाही. उंची १६० सेंटिमीटर, वजन ५४ किलो. उजव्या मनगटावर 'आई' असा टॅटू आहे, 'तो मेकअपने झाकता येईल' असं संस्थेचं म्हणणं. दीर विचारतात, एवढं शिकवून पोरीला विमानात ट्रे उचलायला पाठवणार का? स्थळं कशी येतील ही काळजी आहे. अहमदाबादचा अपघात झाल्यापासून ताईंना झोप नाही. कोविडमध्ये त्या स्वतः सतरा दिवस घरी आल्या नव्हत्या, असंही त्यांनी जाता जाता लिहिलंय. मुलीचं पत्रात एकच वाक्य आहे: 'मला इथून निघायचंय.' ताई विचारतात, फी भरू, की तिला समजावून बँकेच्या परीक्षांकडे वळवू?

ताई,

फी भरू नका. निदान या महिनाअखेरीला तरी नको. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं निवांत बोलता येईल, पण एफडी एकदा मोडली की मोडली.

केबिन क्रू, म्हणजे एअर होस्टेस, व्हायला असा खासगी कोर्स केलेला असावा लागतो, अशी आपल्याकडे अटच नाही. विमान कंपन्यांच्या भरतीच्या जाहिराती लेकीला काढून दाखवायला सांगा. बारावी पास, वय १८ पूर्ण, नवख्यांसाठी वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी २७, पासपोर्ट, हिंदी-इंग्रजी नीट बोलता येणं, उंची, उंचीच्या मानाने वजन, गणवेशात दिसेल असा टॅटू नको. यात डिप्लोमा शोधून सापडणार नाही. निवड झाली की प्रशिक्षण कंपनीच देते, आणि ते तिला द्यावंच लागतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, त्याशिवाय कुणाला क्रू म्हणून विमानात उभं करू देत नाही. आग कशी विझवायची, दार उघडून घसरगुंडी कशी सोडायची, विमान पाण्यात उतरलं तर काय, कुणाचा श्वास थांबला तर काय, हे सगळं तिथे शिकवतात. ते विमानाच्या प्रकाराप्रमाणे बदलतं आणि ठरावीक काळाने पुन्हा पास व्हावं लागतं. संस्थेत अकरा महिने काढलेली मुलगी आणि न काढलेली मुलगी, दोघी त्या वर्गात पहिल्या दिवशी एकाच बाकावर असतात.

संस्था अगदीच फसवतात असं मी म्हणत नाही. चारचौघांत तोंड उघडायची भीती असलेल्या मुलीला तिथे बोलायची सवय लागते, केस कसे बांधायचे, मुलाखतीत कसं बसायचं ते कळतं. पण एवढ्याचे पावणेदोन लाख? ते माहितीपत्रक पुन्हा काढा. 'शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स' असं लिहिलेलं असेल. त्यातला 'असिस्टन्स' हा शब्द बारीक अक्षरात असतो आणि सगळा व्यवहार त्याच्यावर उभा असतो. मदत शंभर टक्के करू. नोकरी लागेल असं कुठे म्हटलंय?

आता वजन. याचा मला राग आलाय. ताई, तुम्ही नर्स आहात, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तुम्हाला मी शिकवावा असं नाही, पण घरच्या माणसाचं गणित आपण करत नाही म्हणून करते. १६० सेंटिमीटर आणि ५४ किलो म्हणजे बीएमआय २१ च्या जरासा वर. कडक मापं लावणाऱ्या कंपन्या मुलींसाठी १८ ते २२ मागतात. १६० उंचीला २२ म्हणजे साधारण ५६ किलो. म्हणजे तुमची लेक त्या कडक मापातही बसते, वर दोन किलोंची जागा उरते. चार किलो उतरवायला सांगणाऱ्या माणसाने वजनकाट्याकडे पाहिलेलंच नाही. 'तुझ्यात काहीतरी कमी आहे आणि ते आम्ही भरून देऊ' हे आधी पटवल्याशिवाय असा कोर्स विकला जात नाही. हे गणित आज रात्री तिच्यासमोर कागदावर मांडा. तुमच्या शब्दापेक्षा आकड्यावर तिचा विश्वास लवकर बसेल, त्या वयात तसंच असतं. त्यानंतरही ती जेवण टाळत राहिली तर मात्र नोकरीचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे न्या.

टॅटूचं तितकं सोपं नाही. मनगट गणवेशात दिसतं. आखाती कंपन्यांपैकी एमिरेट्स तर मेकअपने किंवा पट्टी लावून झाकलेलाही चालणार नाही असं लिहूनच ठेवते. पूर्ण बाह्यांचा गणवेश असलेल्या ठिकाणी कदाचित निभावेल, पण बाही वर सरकली की दिसलाच. म्हणून पैसे भरायच्या आधी सोडवायचा प्रश्न हा आहे, आणि संस्थेने नेमका तोच मेकअपवर उडवून लावला. लेझरने काढता येतो, पण एका बैठकीत नाही, मधे आठवड्यांचं अंतर ठेवून अनेकदा जावं लागतं आणि कधी डाग राहतो. त्वचेच्या डॉक्टरला दाखवून वेळ आणि खर्च विचारून ठेवा. पार्लरमध्ये मुळीच नको. (तुम्हाला वाईट वाटत असेल, म्हणून सांगते: काढला तरी तो तुमच्या विरोधात नसेल. पण ते तिलाच ठरवू द्या.)

उंचीचं म्हणाल तर नुसत्या उंचीवर जाऊ नका. इथल्या बऱ्याच कंपन्या १५५ सेंटिमीटरवर घेतात, एमिरेट्सला १६० लागतात. पण खरी परीक्षा हाताची असते. चवडे उंचावून हात २१२ सेंटिमीटरपर्यंत पोचला पाहिजे, कारण आणीबाणीची उपकरणं डोक्यावरच्या कप्प्यात असतात. १६० उंचीच्या मुलींचा हात तिथे जेमतेम पोचतो, काहींचा पोचत नाही. घरातल्या भिंतीवर टेपने मोजून खूण करा आणि तिला अनवाणी उभं करा. पावणेदोन लाखांच्या आधी ही फुकटची परीक्षा झालेली बरी.

गंमत अशी की सुरुवातीला अट उलटी होती. १५ मे १९३० ला एलन चर्च नावाची अमेरिकन बाई बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात पहिली स्टुअर्डेस म्हणून चढली. ती कोण होती? नर्स. तिनेच कंपनीच्या गळी उतरवलं की प्रवासी उडायला घाबरतात, विमानात नर्स असली तर त्यांना धीर येईल. मग आठ नर्सेस घेतल्या. अटी अशा: अविवाहित, वय पंचविशीच्या आत, वजन ११५ पौंडांपेक्षा कमी आणि उंची पाच फूट चार इंचांपेक्षा *जास्त नको*, कारण विमानाचं छत बुटकं. ११५ पौंड म्हणजे ५२ किलो. तुमची लेक तेव्हा दोन किलोंनी नापास झाली असती. पुढे दुसऱ्या महायुद्धात नर्सेस लष्कराला हव्या झाल्या, तेव्हा नर्स असण्याची अट गेली. अविवाहित असण्याची राहिली. कुठली अट विमानामुळे आली आणि कुठली माणसांच्या डोक्यातून आली, ते यावरून कळतं.

म्हणजे ताई, तुमच्या दीरांना ज्या कामाची लाज वाटते ते काम तुमच्याच पेशातून निघालंय. ते ट्रेवर अडलेत. बरोबर आहे, ट्रे उचलावे लागतात. सँडविच विकावं लागतं, रिकामे कप गोळा करावे लागतात, टॉयलेट तपासावं लागतं, कुणी ओकलं तर पिशवी धरावी लागते. मी त्यावर चमकी लावणार नाही आणि लेकीलाही लावू देऊ नका. पण तुम्ही सव्वीस वर्षं बेडपॅन दिलेत, आणि वॉर्डात पेशंटची नाडी गेली की सगळं घर ज्या बाईकडे बघतं ती तुम्हीच असता. दोन्ही कामं एकाच ड्युटीत येतात हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? आपल्याकडे दर ५० आसनांमागे एक क्रू लागतो. इंदूरहून उडणाऱ्या ७८ आसनांच्या एटीआरमध्ये दोघी, १८६ आसनांच्या एअरबसमध्ये चौघी. चहापाण्याच्या हिशोबाने माणसं ठरवली असती तर कंपन्यांनी त्यातलीही एक कमी केली असती. हा आकडा दारं आणि माणसं बाहेर काढणं यांच्या हिशोबाने ठरलाय. विमानाला मान्यता मिळते तीच अर्धी दारं बंद धरून, नव्वद सेकंदांत सगळे बाहेर आले तर.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळून पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानात ३६७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते, आणि जळत्या विमानातून सगळेच्या सगळे जिवंत बाहेर आले. आतली ध्वनियंत्रणा बंद पडली होती, क्रूने भोंगे वापरून आणि नुसतं ओरडून माणसं हलवली. दिरांना हे जरूर सांगा. आणि 'हवाई सुंदरी' हा शब्द घरात बंद करा, त्या शब्दानेच निम्मा घोळ केलाय. नर्सला कुणी 'दवाखाना सुंदरी' म्हणतं का?

अहमदाबादबद्दल मी तुम्हाला आकडे देऊन समजावणार नाही. १२ जून २०२५ ला त्या विमानात २४२ जण होते, त्यातले दहा केबिन क्रू, आणि वाचला तो एकच प्रवासी. ज्या घरातून मुलगी या कामाला जाणार असेल त्या घरात तो दिवस आठवणारच. एवढंच विचारते: २०२० मध्ये इंदूरमध्ये कोविड हाताबाहेर गेला होता आणि तुम्ही सतरा दिवस घरी आला नाहीत, तेव्हा तुमची लेक चौदा वर्षांची होती. तिने तेव्हा तुम्हाला काय म्हटलं होतं? तिला विचारून बघा. पत्रात ते नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही ते ठाऊक नसावं.

मोठ्या अपघातापेक्षा रोजची झीज जास्त खरी आहे आणि तिच्याबद्दल संस्था एक अक्षर बोलणार नाही. विमान हवेत हिसके घेतं तेव्हा प्रवासी पट्ट्यात असतात आणि क्रू उभी असते, म्हणून लागतं तिलाच. सर्दी असताना उडलं तर कान धरतात. कंबर जाते, पायांच्या शिरा फुगतात, आणि झोपेची तर दैनाच. आज पहाटे चारचं रिपोर्टिंग, परवा मध्यरात्री उतरणं, मधे एक दिवस स्टँडबाय, म्हणजे केस बांधून, बॅग भरून, फोन उशाशी ठेवून घरात बसायचं. इंदूरकर रात्री एक वाजता सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन सकाळी सातला पोह्यांना हजर असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं जागरणात काय एवढं. महिनोन् महिने वेळ बदलत राहिली की शरीराचं काय होतं ते तुम्ही पाहिलंय. रंगपंचमीची गेर, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, घरचा गणपती, भावंडांची लग्नं, यातलं बरंच रोस्टर खाईल. नव्या मुलीला सणाची सुट्टी मागायची सोय नसते. पण तुमच्या घरात फ्रिजवर दोघांच्या पाळ्यांचे कागद लागलेले असणार, त्या घरात वाढलेल्या मुलीला हे नवीन नाही. या नोकरीला तिची खरी तयारी तिथेच झालीय, आणि ती कुठल्याच संस्थेत शिकवत नाहीत.

पैशाचं तेवढं नीट बघा, कारण इथे सगळे फसतात. पगाराचे दोन तुकडे असतात: एक ठरलेला, आणि दुसरा उडलेल्या तासांवर. उडलेला तास मोजतात तो विमान जागेवरून हललं तिथपासून ते पुन्हा जागेवर उभं राहिलं तिथपर्यंत. धरून चाला, दिवसाला चार फेऱ्या, प्रत्येकी एक तास वीस मिनिटं. झाले पाच तास वीस मिनिटं. पण सुरुवातीला रिपोर्टिंग आणि तयारीचा सव्वा तास, मधल्या तीन थांब्यांवर पस्तीस-पस्तीस मिनिटं, शेवटी अर्धा तास. एकूण आठ तास पन्नास मिनिटं झाली. ज्या वेळात प्रवासी चढतात, बॅगांवरून भांडतात, क्रू सगळ्यात जास्त राबते, तो वेळ तासांच्या भत्त्यात धरतच नाहीत. हा वाद जगभर चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांवर क्रूने याच जमिनीवरच्या फुकट कामासाठी संप केला. आपल्याकडे मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या क्रूने एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली, उड्डाणं रद्द झाली, पंचवीस जणांना काढलं आणि मग श्रम आयुक्तांसमोर बसून परत घेतलं. त्यामुळे कुणी 'महिन्याला इतके मिळतात' म्हणालं तर विचारायचं, किती तास उडल्यावर? ठरलेला किती? प्रशिक्षणाच्या महिन्यांत किती? वर्षाला हजार तासांच्या वर उडवता येत नाही, तेव्हा महिन्याचा फार मोठा आकडा ऐकलात तर त्याला बाराने गुणून हजाराने भागून बघा.

आणि कंपनी बुडू शकते. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. तिन्ही वेळा चांगल्या कामाच्या मुली एका रात्रीत घरी बसल्या, कित्येकींचे पगार अडकले. म्हणून बी.कॉम. पूर्ण झाल्याशिवाय काहीही नाही, हे मात्र आईच्या हक्काने ठणकावून सांगा.

स्थळांच्या काळजीवर मला थोडं हसू आलं, रागावू नका. ज्या सासूबाईंनी तुम्हाला रात्रपाळी सोडायला सांगितलं त्याच आज नातीसाठी एफडी मोडायला निघाल्यात. सव्वीस वर्षांत त्या कुठून कुठे आल्या बघा. जे घर या नोकरीमुळे मुलगी नाकारेल, त्या घरात तुमची रात्रपाळी तरी चालली असती का? बाकी, लग्न झालं की नोकरी गेली हे तुम्ही लहानपणी ऐकलेलं खोटं नव्हतं. एअर इंडियाचा नियमच तसा होता: पस्तिशी, किंवा नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न, किंवा पहिलं गरोदरपण, यातलं जे आधी येईल तेव्हा घरी. एअर होस्टेस नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट उडवली. चार वर्षं लग्न नको ही अट मात्र तेव्हा राहू दिली, हेही सांगायला हवं. आज गरोदरपण कळलं की उडणं थांबतं, तब्येतीसाठी ते बरोबरच आहे, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने आहे. पण उडणं थांबल्यापासून ती रजा सुरू होईपर्यंतच्या महिन्यांत जमिनीवरचं काम देतात की बिनपगारी बसवतात, हे करारात शोधायचं. वीस वर्षांची मुलगी हे विचारायला लाजेल, तुम्ही शोधा.

छेडछाडीचंही तुमच्या मनात असणार, तुम्ही लिहिलं नाहीत इतकंच. तोंडाने गैरवागणूक केली तर तीन महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावला तर सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतेल असं काही केलं तर किमान दोन वर्षं त्या प्रवाशाला उडण्याची बंदी घालता येते, हा नियम २०१७ पासून आहे. नियम कागदावर चांगला आहे. लेखी तक्रार लगेच, त्याच दिवशी केली तरच चालतो. सहकाऱ्यांबद्दल असेल तर कंपनीची अंतर्गत समिती. वॉर्डातल्या नातेवाइकांना तुम्ही कसं गप्प करता ते तिला शिकवा, ते कुठल्याही नियमापेक्षा उपयोगी पडेल.

आता त्या एका वाक्याकडे येते. 'मला इथून निघायचंय.' तुम्ही ते पत्राच्या शेवटी, घाईत लिहिलंत. आम्ही लहान असताना नवरात्रात बिजासन टेकरीवर जायचो. देवीचं दर्शन झालं की धावपट्टीकडे तोंड करून उभं राहायचं आणि एखादं विमान दिसलं की घरी येऊन आठवडाभर सांगायचं. त्यातल्या कुणाला विमानात काम करायचं नव्हतं, फक्त त्यात बसून जायचं होतं. तुमच्या लेकीचं नेमकं कुठलं आहे? तिला हे काम हवंय, की फक्त इंदूरबाहेरचं आयुष्य? दुसरं असेल तर पुण्याला एम.कॉम. करून, मुंबईत नोकरी धरूनही निघता येतं, आणि त्यात काही चूक नाही. पहिलं असेल तर ते दिसेलच, कारण तिला या कामातल्या कंटाळ्याचीही माहिती असेल. हे चौकशीसारखं विचारू नका. रात्री स्वयंपाकघरात ओटा पुसताना विचारा.

बँकेच्या परीक्षा आणि हे, या दोनांतून आत्ताच एक निवडायचं आहे असं तुम्ही धरून चाललात, तिथे जरा थांबा. बँकांच्या सामाईक परीक्षांत लिपिकासाठी वय २८ पर्यंत चालतं, अधिकाऱ्यासाठी ३०. क्रूची नवख्यांची दारं २७ ला बंद होतात. म्हणजे आधी कुठलं करून बघायचं ते वयच सांगतंय. पदवी झाली की दोन वर्षं क्रूला द्या. नाही जमलं तर बावीस-तेविसाव्या वर्षी बँकेची तयारी करायला काहीच उशीर नाही.

या काही महिन्यांत तिने करायचं ते असं. पासपोर्ट काढणं, नसेल तर. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेत, आधारवर आणि पॅनवर एकच आहे ना ते बघणं, पुढे पोलीस पडताळणीत इथेच अडतं. आपल्या इकडच्या मुलांचं मराठी, हिंदी आणि इंदुरी असं तीन धारांचं बोलणं होतं, 'भिया' तोंडात बसलेलं असतं. रोज दहा मिनिटं मोबाइलवर स्वतःचं इंग्रजी रेकॉर्ड करून ऐकलं तर तीन महिन्यांत फरक पडतो. सुरुवातीला स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पण ऐकायचा. पदवीनंतर कुठल्या तरी बऱ्या हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर वर्षभर काम केलं तर आणखी चांगलं: एमिरेट्ससारख्या कंपन्या वय २१ आणि ग्राहकसेवेचा वर्षाचा अनुभव मागतातच, आणि अनोळखी माणसाचा राग हसतमुखाने झेलता येतो का हे तिचं तिलाही कळेल. आपल्याच विमानतळावर ग्राउंड स्टाफची जागा निघाली तर तीही वाईट नाही, फक्त तिथून आपोआप क्रूमध्ये घेतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

अर्ज कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच. भरतीसाठी कुठलीही विमान कंपनी पैसे घेत नाही. व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर पाठवून 'गणवेशाचे आठ हजार भरा' म्हणणारे चोर असतात. मुलाखतींत पहिल्यांदा नापास होणं नेहमीचंच आहे. आणि निवड झाली की सही करण्याआधी करार तुमच्या दवाखान्यातल्या एखाद्या मैत्रिणीच्या ओळखीच्या वकिलाकडून का होईना, वाचून घ्या. किती वर्षांचा बाँड, मधे सोडलं तर किती भरायचे, करार किती मुदतीचा, बेस, म्हणजे नेमणुकीचं शहर, कुठला, सुरुवातीच्या महिन्यांत राहायची सोय कुणाची. बेस कंपनी ठरवते, इंदूर मिळेल हे गृहीत धरू नका. दिल्ली किंवा बंगळूरला चार मुलींत खोली घेऊन पहिले तीन-चार महिने काढावे लागतील, आणि आजीला तिच्यासाठी काही करायचंच असेल तर एफडीतला थोडा भाग तेव्हा कामाला येईल. आत्ता तिला मोडू नका म्हणावं. व्याज बुडेल ते वेगळंच.

संस्थेचा महिनाअखेरीला फोन येईल. 'आता भरले नाहीत तर सीट जाईल' म्हणतील. त्यांना एवढंच म्हणा, मागच्या दोन बॅचमधल्या किती मुली कुठल्या कंपनीत क्रू म्हणून लागल्या आणि मधे सोडलं तर किती पैसे परत, हे लेटरहेडवर लिहून द्या. बहुधा पुन्हा फोन येणार नाही. पाच हजारांची पावती जपून ठेवा आणि ते लेखी परत मागा. नाहीच दिले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, फोनला वेळ लागतो, म्हणून तुमची ड्युटी नसेल त्या दिवशी करा.